पिवळा दोरा

आबांच्या शिवणवर्गात पहिल्या दिवशी हातात सुई मिळत नसे. मिळे ते अर्धं ब्लेड, बोट कापू नये म्हणून एका बाजूला चिकटपट्टी गुंडाळलेलं, आणि सोबत कुणाची तरी जुनी पँट. "उसवा," एवढंच सांगून आबा आपल्या मशीनकडं वळत. नव्या बायका एकमेकींकडं बघत. आपण शिवायला आलोय, हा माणूस उसवायला काय लावतोय, हे प्रत्येकीच्या मनात येई आणि दर तुकडीत एखादी ते बोलून दाखवी. आमच्या तुकडीत ती मी होते.

"शिवायचं कसं ते कोन बी शिकवील बाई," आबा म्हणाले. "चुकल्यालं काढायचं कसं ते शिकवनारा ह्या लाइनीवर मी एकलाच हाय."

ही लाइन म्हणजे पुणे-लोणावळा. आबांचं सगळं आयुष्य तिच्यावरच्या दोन-तीन स्टेशनांत मावलं होतं. घर घोरावाडीला, स्टेशनापासून पाच मिनिटांवर. नोकरी देहूरोडला, लष्कराच्या डेपोत, तंबू शिवण्याची आणि दुरुस्त करण्याची. रिटायर झाल्यावर त्यांनी पुढच्या खोलीत चार मशीनं मांडली आणि घरच्या घरी शिवता येईल असं शिवण शिकवायला सुरुवात केली. त्यांना कुणी मास्तर म्हटलेलं चालत नसे. "मास्तर शाळंत. मी टेंटवाला," असं ते म्हणत, आणि टेंटवाला म्हणताना पाठ ताठ करत.

मी तळेगावची. एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. अशी तोडून टाकणारी उत्तरं मी इतरांना द्यायचे, मला कुणी देत नसे. मी गुपचूप ती पँट उसवली आणि घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं की माणूस विक्षिप्त आहे, उद्यापासून जाणार नाही. दुसऱ्या दिवशी पावणेअकराला मी स्कूटी घेऊन आबांच्या दारात हजर होते.

खरं तर मी शिकून बसले आहे असाच माझा समज होता. निवृत्तीनंतर मुलीनं मशीन भेट दिलं आणि मी मोबाईलवर व्हिडिओ बघत सुटले. दहा मिनिटांत पिशवी, एका मीटरमध्ये दोन अभ्रे, अगदी नवशिक्यांसाठी परकर. त्यातल्या बाईचा आवाज इतका गोड, की चुकलं तर ते आपलंच चुकलं असणार असं वाटे. दहा मिनिटांच्या पिशवीला मला दोन तास लागले आणि ती भर मंडईत फाटली. बटाटे रिक्षाखाली गेले. भाजीवाली माझी जुनी विद्यार्थिनी निघाली. तिनं बटाटे गोळा करून दिले, बाईंची काय ही अवस्था अशा नजरेनं माझ्याकडं पाहिलं, आणि आबांचा पत्ता दिला.

दहा मिनिटांच्या पिशवीची गोष्ट मी आबांना सांगितली तेव्हा ते हसलेसुद्धा नाहीत. "धा मिनटात च्या व्हतो," म्हणाले. "पिशवीला तीन दीस."

आबांनी घरगुती शिवणाच्या चार पायऱ्या केल्या होत्या आणि त्यांना डेपोतल्या कामगारांच्या श्रेण्यांची नावं दिली होती. नवी बाई आली की ती लेबर. पिशवी पास झाली की सेमी-स्किल्ड. उशीचा अभ्रा, नाडीचा परकर आणि बाळाचं झबलं, ही तीन पास झाली की स्किल्ड. त्याच्या वर हायली स्किल्ड, आणि तिथं अजून कुणी पोचलं नव्हतं. प्रत्येक पायरीला ट्रेड टेस्ट असे. ती पास झाली की आबा तुमच्या कात्रीच्या मुठीला रंगीत दोरा बांधत. लेबरला पांढरा, सेमीला पिवळा, स्किल्डला निळा, हायली स्किल्डला लाल.

हे रंग त्यांनी हवेतून काढले नव्हते. दर वैशाखी पौर्णिमेला विहारासाठी नवा पंचशील ध्वज आबा शिवत. त्याचे पट्टे जोडायला लागणारी पाच रिळं त्यांच्याकडं कायम असत, आणि उरलेला दोरा आमच्या कात्र्यांना. चार रंग चार श्रेण्यांना गेल्यावर केशरी उरतो. तो कुणाला, असं मी एकदा विचारलं.

"मास्टर क्राफ्ट्समनला."

"तो कोण?"

"ते मानूस गेल्याबिगर ठरत न्हाई," आबा म्हणाले आणि मशीनला तेल घालू लागले.

घरातल्या बायकांना असली हुद्द्यांची नावं देणं हा पोरखेळ आहे असं मला पहिले आठ-दहा दिवस वाटत होतं. मग शेजारच्या मशीनवरच्या विशीतल्या मुलीला पिवळा दोरा मिळाला आणि मला नाही, आणि त्या दिवशी मला दुपारचं जेवण गेलं नाही.

पिशवीची ट्रेड टेस्ट अशी. दाराच्या चौकटीला एक जाड खिळा होता. पिशवीत पाट्यावरचा वरवंटा घालायचा, पिशवी खिळ्याला अडकवायची आणि आबा स्वतः चहा करून, बशीत ओतून, पिऊन होईपर्यंत ती तशी लटकू द्यायची. आबा चहा सावकाश पीत. माझी पिशवी दिसायला देखणी होती, काठाला मी पिको केलेला होता. आबांनी बशी तोंडाला लावली आणि पिशवीचा बंद तुटला. वरवंटा फरशीवर आदळला आणि फरशीला बशीएवढा खड्डा पडला.

आबा उठले नाहीत. चहा संपवून म्हणाले, "बंद नुस्ता आडव्या टिपंवर टांगलाय तुमी. चौकोन मारायचा, मदी फुली. सगळं वजन फुलीवर येतं."

मी फरशी बदलून देते म्हटलं. त्यांनी बदलू दिली नाही. पुढं प्रत्येक नव्या बाईला वर्ग दाखवताना ते खिळा दाखवत, वरवंटा दाखवत आणि मग खाली बोट करून सांगत, "हा बाईंचा खड्डा." माझ्यासमोर. पुढं कुणाच्याच पिशवीचा बंद फुलीशिवाय राहिला नाही, हे मात्र खरं.

अभ्र्यात तर माझी पुरती शोभा झाली. मी उशी मोजली, सत्तावीस बाय सतरा. बरोब्बर सत्तावीस बाय सतराचं कापड कापलं, शिवलं आणि उशी आत घालायला लागले. उशी अर्धी आत गेली आणि अडकली. मी दाबते आहे, ढकलते आहे, गुडघा लावते आहे, आणि वर्गातल्या सहा बायका मान खाली घालून आपापल्या कामात गढून गेल्या आहेत. शिवणीत आत जाणारं कापड मी धरलंच नव्हतं. घनफळ शिकवण्यात माझी हयात गेली आणि उशी जाड असते हे मी विसरले.

"उशीला पोट असतं बाई," आबा म्हणाले. "आन् माया कुटंय?"

शिवणीसाठी कडेनं जे जास्तीचं कापड सोडतात त्याला माया म्हणतात. या शब्दावर प्रत्येक नवी बाई एकदा तरी कोटी करी आणि आबांना ते खपत नसे. "माया म्हंजी अर्धा इंच. फुडं चला," असं सांगून ते विषय संपवत.

तो अभ्रा मला घरी नेता आला नाही. नापास झालेलं पहिलं काम आबांचं, हा नियमच होता. त्यांचं सगळं घर आमच्या नापास कामांनी सजलेलं होतं. एका बाजूला चार बोटं लांब असलेले पडदे. एक पाय दुसऱ्यापेक्षा रुंद झालेला पायजमा, तो ते खुशाल घालून फिरत. गळा चुकलेल्या झबल्याची ताक गाळायची फडकी. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी नाशिकला, आणि घरात एकट्या माणसाच्या घरात असते तसली ओकीबोकी जागा कुठंच नव्हती. माझा अभ्रा त्यांच्या रेडिओला अगदी बेतशीर बसला. "मापाचा हाय," असं ते मला दर वेळी सांगत.

टेबलावर एक गजराचं घड्याळ होतं. तो त्यांचा भोंगा. एक वाजता गजर झाला की सगळ्यांनी हात वर करायचे, पाय मशीनच्या पायडलवरून काढायचा. टीप अर्ध्यात असली तरी. "एवढी शेवटची ओळ मारू द्या ना," असं कुणी म्हटलं की आबा म्हणत, "घाईत मारल्याली शेवटची वळ उद्या पयली उसवावी लागती." मी हे स्वतःवर तपासून बघितलं आहे. तक्रारीला जागा नाही.

आबा स्वतः मात्र डेपोत हायली स्किल्ड झाले नाहीत. स्किल्डवरच रिटायर झाले. तंबूचं काम त्यांच्याइतकं कुणाला येत नव्हतं, हे देहूरोडची त्यांच्या बरोबरीची माणसं अजूनही सांगतात. मग असं कसं झालं, हे त्यांनी एकदा चहा पिता पिता सांगितलं, आणि दुसऱ्या कुणाची हकिकत सांगावी तितक्या थंडपणे.

"टेस्टला कोपरा शिवायला दिलता. मी शिवला. सायबानं बगितला, पास म्हनला. माझं लक्ष गेलं तर चौथ्या इंचावर एक टाका सुटल्याला. मी म्हनलं, साहेब, हितं सुटलंय. साहेब म्हनला, राहू दे रे, दिसत न्हाई. मी म्हनलं, वाऱ्याला दिसतं. मंग तितंच उसवला."

"मग?"

"मंग टाइम संपला. नापास."

"पुढच्या वेळी बसायचं होतंत."

"साहेब त्योच व्हता की. त्याला माझा टाका दिसला न्हाई, म्हंजी त्यो नापास. नापास मानसाला टेस्ट कशी द्यायची?"

ते साहेब पुढं बरीच वर्षं त्याच जागी राहिले. आबा बसलेच नाहीत. पगारात, पेन्शनीत काय फरक पडला असेल तो पडला असेल; आबांच्या बोलण्यात तो कधी आला नाही. हा हट्ट होता, आणि मला तो तेव्हा वेडेपणाचा वाटला. दुसऱ्याची चूक काढणारी माणसं मी स्टाफरूममध्ये पुष्कळ पाहिली होती. पास झाल्यावर स्वतःची काढणारा हा पहिलाच.

संगीता आली ती फेब्रुवारीत. लोहगडवाडीहून. किल्ल्याच्या पायथ्याला तिचं ट्रेकर लोकांसाठी पिठलं-भाकरी, लिंबू सरबत, उकडलेल्या शेंगा असं खाण्याचं दुकान. वाडीतून मिळेल त्या जीपनं मळवली, तिथून लोकलनं घोरावाडी, असा तिचा प्रवास, आणि तरी ती सगळ्यांच्या आधी येऊन दाराशी बसलेली असे. पहिल्या दिवशी पँट उसवायला दिली तर तिनं काही विचारलं नाही. उसवली, दोरे गोळा करून कागदात बांधले आणि म्हणाली, "आता?" आबांनी चष्म्यावरून तिच्याकडं बघितलं. पिशवी पहिल्या फटक्यात पास. पिवळा दोरा मिळाला तरी तिच्या तोंडावर काही हललं नाही.

तिचं काम वेगळंच होतं. ते तिनं एप्रिलच्या शेवटी काढलं.

"आबा, मला दुकानावरचं छप्पर शिवायचंय. दरसाली पिलास्टिक फाटतं. गेल्या पावसाळ्यात समदंच उडालं, पार दरीत. ताटं गेली, शेगडी गेली. सासू म्हनती, आता परत उडालं तर जागा धाकल्याला. दिराला तितं नूडलची गाडी लावायचीय."

"आन् तुजं?"

"माझं काय. मी मंग भांडी घासायची त्याच्या गाडीवर."

आबांनी मान हलवली. "छप्पर हायली स्किल्डचं काम हाय. तू सेमी."

"व्हय," संगीता म्हणाली. "पर पाऊस जूनला येतो."

पुढच्या आठवड्यात तिचा नवरा जीप घेऊन आला आणि देहूरोडच्या बाजारातून आणलेलं जाड हिरवं कॅनव्हास आबांच्या दारात टाकून गेला. आबा त्याच्याभोवती दोन दिवस फिरत होते. हात लावत, वास घेत, घडी उलगडून परत घालत. डेपो सुटल्यावर असलं कापड त्यांच्या हाताखाली आलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी जाहीर केलं की अभ्रे बंद, परकर बंद, सगळ्यांनी छपराला लागायचं. आपापल्या श्रेणीचं काम. पांढऱ्या दोऱ्याच्या बायका खुणा करतील आणि दोरे कापतील. पिवळ्या कडा दुमडतील. निळ्या, म्हणजे तोवर मीही निळी झाले होते, चारी बाजूंनी दोऱ्या ओवायच्या रिंगांखाली जाड ठिगळं लावतील. चौकोन आणि मध्ये फुली. आणि मधली शिवण, दोन पट्टे जोडणारी, सगळा भार जिच्यावर येणार ती, आबा स्वतः मारतील.

मे महिना सगळा त्यात गेला. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. जिकडं बघावं तिकडं कॅनव्हास. जेवताना मांडीवर कॅनव्हास. इतक्या मजेत मी शाळेतसुद्धा काम केलं नव्हतं, हे मी मोकळेपणानं सांगते. आबांनी मधली शिवण आपल्या जुन्या पायाच्या मशीनवर मारली, दुहेरी दुमड घालून दोन समांतर टिपा. एका बाजूनं मी आणि दुसऱ्या बाजूनं संगीता कापड धरून मशीनबरोबर सरकत होतो. आबांच्या नाकावरून चष्मा सारखा घसरत होता. ते मान फार खाली घालून बघत होते, हे माझ्या लक्षात आलं होतं, पण मी त्याचा अर्थ लावला नाही.

छप्पर पुरं झालं त्या दिवशी शुक्रवार होता. शनिवार-रविवारी गडावर गर्दी सुरू होणार होती आणि शनिवारी सकाळी छप्पर चढलं पाहिजे असं ठरलेलं होतं. अंगणात आम्ही आठ जणींनी कडा धरून कॅनव्हासची झोळी केली. आबांनी मधल्या शिवणीवर बादलीभर पाणी ओतलं आणि शंभरपर्यंत आकडे मोजले. खाली थेंब पडला नाही. बायकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी पेढे आणले होते ते काढले.

"इन्स्पेक्शन ऱ्हायलंय," आबा म्हणाले.

ज्यानं शिवलं त्यानं तपासायचं नाही आणि तपासायचं ते दोघांनी, दोन टोकांकडून, असा त्यांचा नियम. त्यांनी एका टोकाला संगीताला आणि दुसऱ्या टोकाला मला बसवलं. खालच्या बाजूनं टिपेवर बोट फिरवत मधोमध यायचं.

साधारण हातभर आत माझं बोट अडखळलं. खालच्या टिपेत चार टाके सुटले होते. दोरा कापडात न घुसता वर नुसता लोंबत होता. मी मान वर केली. आबा स्टुलावर बसून सदऱ्याच्या टोकानं चष्मा पुसत होते. पुसून डोळ्याला लावत, समोर बघत आणि परत काढून पुसत.

मी बोट पुढं नेलं. तेवढ्या वेळात मी पुष्कळ हिशेब केले. वरची टीप शाबूत आहे. पाणी गळलेलं नाही. चार टाके म्हणजे अर्धा इंचसुद्धा नाही. म्हातारा माणूस, डोळे गेलेत, हे त्याच्या तोंडावर आठ बायकांसमोर कशाला. मी मधोमध पोचले आणि म्हटलं, "माझ्याकडून ठीक आहे आबा."

संगीता मधोमध आली आणि थांबली नाही. माझ्या अर्ध्या भागातही तिनं बोट फिरवत नेलं. तिचं दुकान होतं ते. एका जागी ती थांबली, परत मागं आली, परत पुढं गेली.

"आबा, हितं टाके सुटल्यात."

आबा उठले, खाली बसले आणि डोळे न लावता बोटानं चाचपून बघितलं. "चार," म्हणाले. मग उठता उठता, "मला दिसलं न्हाई."

त्यांच्या तोंडून हे वाक्य मी आधी कधी ऐकलं नव्हतं. मला त्या वेळी संगीताचा राग आला, हेही सांगून टाकते.

तंबूच्या शिवणीला मध्येच दुरुस्ती चालत नाही. टीप टोकापासून उसवायची आणि टोकापासून मारायची. म्हणजे सगळी संध्याकाळ, आणि शनिवारची सकाळ छप्पर चढवण्यात. गर्दी तिच्या दारावरून पुढं जाणार. एक बाई म्हणालीसुद्धा, "अगं, एक सीझन तर निघेल की. पुढच्या वर्षी बघू." संगीता तिच्याकडं न बघता आबांना म्हणाली, "ब्लेड द्या."

तिनं उसवलं. मग आबांनी आपल्या मशीनपुढचं स्टूल पायानं तिच्याकडं सरकवलं. "बस," म्हणाले. त्या मशीनवर आजवर दुसरं कुणी बसलेलं नव्हतं. ती बसली. त्यांनी सुई बदलली. दोरा ओवताना तो तीनदा चुकला, तेव्हा तिनं त्यांच्या हातून घेऊन ओवला, आणि ती टीप मारू लागली. आबा कापडावर तळहात ठेवून बसले होते. मध्ये भोंगा झाला नाही, कारण संध्याकाळच्या कामाचा गजर लावायचं ते विसरले होते.

टीप पुरी झाल्यावर मी आणि निळ्या दोऱ्याच्या आणखी एकीनं ती परत दोन टोकांकडून तपासली. मग आबांनी लाल रीळ काढलं. नवंकोरं होतं, बाहेरचा कागदही निघालेला नव्हता. तिच्या कात्रीचा पिवळा दोरा कापून त्यांनी तिथं लाल बांधला. तीन गाठी. मध्ये निळा का नाही, असं कुणीही विचारलं नाही.

मग ते माझ्याकडं वळले.

"बाई, त्या टोकाला तुमी व्हता. तुमाला दिसलं व्हतं का?"

नाही म्हटलं असतं तर संपलं असतं. एकसष्ट वर्षांच्या बाईचे डोळे, कुणीही मान्य केलं असतं. पण एकतीस वर्षं मी मुलांना ज्या नजरेनं हाच प्रश्न विचारत आले, तीच नजर माझ्यावर होती.

"दिसलं होतं," मी म्हटलं.

"मंग?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही आबा."

"मला वाईट वाटंल म्हून वारा थांबनार हाय का?"

ते अजिबात चिडलेले नव्हते. त्यांनी माझी कात्री मागितली, निळा दोरा कापला, पिवळा बांधला आणि कात्री मला परत दिली. तीन गाठी. मग पेढा दिला. मी तो खाल्ला. गाडी चालवत घरी येताना मला रडू आलं, आणि घरी पोचेपर्यंत पटलंही.

शनिवारी दुपारी छप्पर चढलं. जूनच्या शेवटी वाडीवर जे वारं सुटलं त्यात आजूबाजूची तीन प्लास्टिकं गेली. संगीताच्या छपराखाली शेजारचे दुकानवाले आपापले स्टोव्ह घेऊन येऊन बसले, त्यांच्यात तिची सासूही होती. संगीतानं मला फोनवर हे सांगितलं तेव्हा मागं कॅनव्हासचा फडफडाट ऐकू येत होता. जागेचं पुढं काय झालं हे मी विचारलं. "कसली जागा?" ती म्हणाली, आणि मला ते पुरलं.

आबांनी त्यानंतर दीड वर्ष वर्ग चालवला, पण स्वतः मशीनवर बसले नाहीत. "मला दिसत न्हाई," असं नव्या बायकांना पहिल्याच दिवशी सांगत आणि बोटानं तपासत. कुणाचंही काही सुटत नसे. गेल्या थंडीत ते गेले. मुलीनं नाशिकहून येऊन सगळं आवरलं. रेडिओ तिनं मला दिला, अभ्र्यासकट. आबांचं जुनं पायाचं मशीन आणि त्यांची कात्री संगीताकडं गेली.

आता तिच्या दुकानामागं मंगळवार-बुधवारी, गडावर माणूस नसतो तेव्हा, वाडीतल्या पाच-सहा जणी शिवायला बसतात. दुकानाच्या खांबाला खिळा आहे. आबांची कात्री वर टांगलेली असते. तिच्या मुठीला केशरी दोरा आहे.

गेल्या महिन्यात मी परत निळ्याच्या टेस्टचं पहिलं काम म्हणून अभ्रा शिवून तिच्याकडं घेऊन गेले. सत्तावीस बाय सतराच्या उशीला माप धरून, पोट धरून, कडेनं अर्धा इंच सोडून. मळवलीला रिक्षाची वाट बघत बसले होते, तेव्हा सहज उलटा करून बघितला. डाव्या कोपऱ्यात दोन टाके सुटलेले. कोपरा दुमडीच्या आत होता. कुणाला दिसला नसता.

वर पोचल्यावर मी अभ्रा तिच्या हातात दिला आणि आधी तेच सांगितलं. "संगीता, डाव्या कोपऱ्यात दोन सुटलेत."

तिनं कोपरा बघितला नाही. अभ्रा मला परत दिला, मागं वळली, भाकऱ्यांच्या परातीशेजारच्या डब्यातून चिकटपट्टी गुंडाळलेलं अर्धं ब्लेड काढलं आणि माझ्यापुढं धरलं.

"बसा बाई," म्हणाली. "दोऱ्याचं मागनं बगू."

मी चष्मा पुसला आणि उसवायला बसले.